शरीराची ठेवण आणि ओटीपोटाचा तळ
स्त्रीच्या ओटीपोटाला खालून हाडाचा आधार नसतो. पुढे जघनास्थी आणि मागे माकडहाड यांच्या दरम्यान स्नायूंचा एक थर, म्हणजेच ओटीपोटाचा तळ, ताणलेला असतो आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना तोच खालून तोलून धरतो; अस्थिबंध आणि संयोजी ऊतींचे पडदे या अवयवांना वरून व बाजूंनी बांधून ठेवतात. स्नायू दुबळे झाले किंवा प्रसूतीत हाडापासून सुटले, की सगळा भार या बंधांवर येतो, ते हळूहळू सैल होतात आणि अवयव योनीमार्गात उतरू लागतात. अंग बाहेर येण्याची ही तक्रार कित्येक स्त्रिया संकोचापोटी वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाहीत, हे फार क्लेशदायक आहे.

आपण उभे राहिलो की पोटातल्या अवयवांचे वजन थेट या स्नायूंवर पडते, असे सहज वाटते; पण तसे होत नाही. कमरेला स्वाभाविक बाक असतो तेव्हा कटी, म्हणजे ओटीपोटाभोवतीचे हाडांचे कडे, पुढे कललेली असते आणि तिचे वरचे तोंड बरेचसे उभे राहते, त्यामुळे वजनाचा मोठा वाटा जघनास्थी आणि पोटाची पुढची भिंत पेलतात. हा बाक सपाट झाला, नितंब आत ओढून उभे राहण्याची सवय लागली, की तेच तोंड आडवे होत जाते आणि दाब मागे सरकून स्नायूंमधल्या मोकळ्या जागेवर येतो. अंग बाहेर आलेल्या आणि न आलेल्या स्त्रियांच्या तुलनात्मक अभ्यासांत पहिल्या गटात कमरेचा बाक कमी आढळला आहे. अर्थात, यावरून चुकीच्या ठेवणीमुळेच हा विकार होतो असे म्हणता येणार नाही. योनीमार्गे झालेली प्रसूती, वाढते वय, स्थूलपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि ऊतींची आनुवंशिक दुर्बलता ही कारणे अधिक भक्कम आहेत. मात्र प्रसूती होऊन गेलेली असते आणि वय थांबवता येत नाही. ठेवण तेवढी बदलता येते, म्हणून तिचा विचार करायचा.

बसण्याच्या पद्धतीचा परिणाम तर स्वतःलाच पडताळून पाहता येतो. खुर्चीवर पाठीला पोक काढून बसावे आणि लघवी अडवताना आवळतो तसे स्नायू आवळावेत; बहुतेक ताण मागे, गुदद्वाराजवळ जाणवतो. मग बैठकीच्या हाडांवर वजन घेऊन, कमरेचा बाक राखून, टेकून न बसता तेच करावे. अनेकींना ताण पुढेही, मूत्रमार्गापाशी जाणवतो. स्नायूंची विद्युत्-सक्रियता मोजली असता ती टेकून, पोक काढून बसल्यावर कमी आणि आधाराशिवाय ताठ बसल्यावर अधिक आढळते.

म्हणून दिवसभर पोट आत खेचून ताठ राहावे, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. श्वास घेताना श्वासपटल खाली येते आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित उतरतो. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. पोट सतत आवळलेले असेल तर ही हालचाल खुंटते, शिवाय आतला दाब खालीच ढकलला जातो. जे स्नायू कधी सैलच सोडले जात नाहीत, ते गरजेच्या वेळी जोरही लावू शकत नाहीत. वजन उचलताना श्वास कोंडून धरण्याऐवजी सोडत उचलावे, खोकण्या-शिंकण्यापूर्वी क्षणभर तळ आवळून घ्यावा आणि शौचाला कमोडवर बसल्यावर पाय थोडे उंच ठेवून पुढे झुकावे, म्हणजे कुंथावे लागत नाही.

या स्नायूंच्या व्यायामाला अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून दिली. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील 447 स्त्रियांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टने प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकवलेल्या व्यायामामुळे अंग उतरल्याचा त्रास कमी झाल्याचे दिसले. इथे शिकवण्याला महत्त्व आहे, कारण आवळण्याऐवजी खाली जोर देणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत आणि त्याने अपायच होतो. बऱ्याच पुढे गेलेल्या विकारात व्यायाम किंवा ठेवण पुरेशी पडत नाही. तिथे योनीत बसवायची पेसरी (अवयवांना आधार देणारे साधन) किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. लघवी अडकत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा बाहेर आलेला भाग आत जात नसेल, तर व्यायाम करून पाहण्यात वेळ न घालवता तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.