शेजारच्या खुर्चीचा पगार

स्टाफरूममध्ये दोन शिक्षिका एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांचे पेपर तपासत बसल्या आहेत. गठ्ठे सारखे, घाईही सारखीच. एक कायम, दुसरी कंत्राटी. पदवी मात्र कंत्राटीवालीकडे एक जास्तच.

पगाराच्या दिवशी या दुसरीच्या डोक्यात जे गणित चालतं, ते जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं. माणूस नुसता आकडा बघत नाही. आपण काय ओतलं आणि पदरात काय पडलं, याचं गुणोत्तर काढतो आणि ते शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून बघतो. शिक्षण ओतलेल्या बाजूला येतं. म्हणजे पदवी वाढली आणि पगार तिथेच राहिला, तर कोणी काहीही न कापता अन्याय वाढतो! मग तोल साधायचा कसा? पगार वाढवणं आपल्या हातात नसतं, मेहनत कमी करणं असतं. उत्तराखाली दोन ओळींचा शेरा लिहिणारा पेन नुसती बरोबरची खूण करून पुढे सरकतो.

शिकलेला माणूस कामाला जास्त बांधील असतो, हा समजही तपासून घ्यावा. निरनिराळ्या व्यवसायांतले अभ्यास एकत्र करून १९९० मध्ये झालेल्या विश्लेषणात शिक्षण आणि संस्थेवरची निष्ठा यांचा संबंध उलटा निघाला, अर्थात अगदी क्षीण. शिकलेल्याच्या अपेक्षा मोठ्या आणि बाहेरची दारंही जास्त, हे त्याचं एक स्पष्टीकरण. पण शाळेवरची निष्ठा वेगळी, शिकवण्यावरची वेगळी. राजीनामा देणारी बाई दुसऱ्या शाळेत जीव ओतून शिकवत असेल. उलट, जाता येत नाही म्हणून टिकून राहणं हाही बांधिलकीचाच एक प्रकार आहे, असं मेयर आणि ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलं. हजेरीपटावर तो ओळखू येत नाही.

मग पगारच वाढवला तर? इंडोनेशियात २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट झाला. ३६० शाळांतल्या प्रयोगात शिक्षकांचं समाधान वाढलं, जोडधंदे कमी झाले, पैशाची चणचण घटली. मुलांचे गुण मात्र जागचे हलले नाहीत. मला यात नवल वाटत नाही: पगार वाढला तो प्रमाणपत्रामुळे, वर्गात काय घडतं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता.

कॅलिफोर्निया विद्यापीठातला २०१२ चा अभ्यास याहून बोलका आहे. सहकाऱ्यांचे पगार कुठे बघता येतात, एवढंच काही कर्मचाऱ्यांना कळवलं. ज्यांचा पगार आपल्या गटाच्या मध्यापेक्षा कमी होता ते नाराज झाले, नवी नोकरी शोधण्याचा विचार करू लागले. वरच्यांच्या समाधानात मात्र काहीच भर पडली नाही.