करंजावरच्या गाठी बोंडअळीच्या नाहीत

धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, करंजाच्या पानांवर फोड दिसले की "बोंडअळीची अंडी आहेत, झाड तोडा" असं सांगणारे बरेच भेटतात. हे साफ चूक आहे. त्या गाठी पानाच्याच असतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक कोळी (माइट) कोवळ्या पानातला रस शोषतो, तिथल्या पेशी फुगत जातात आणि आतल्या पोकळीत त्याचं बिऱ्हाड वाढतं. इतर कोळ्यांना आठ पाय, याला चारच! पऱ्हाटीशी, म्हणजे कपाशीच्या झाडाशी, त्याचं काही देणंघेणं नाही. गुलाबी बोंडअळीची मादी अंडी घालते ती कपाशीच्या पात्यांवर (कळ्यांवर), फुलांवर, कोवळ्या बोंडांवर. गाठींनी पानं वेडीवाकडी होतात, पण मोठा करंज त्यानं मरत नाही. त्याला कुऱ्हाड लावू नका. हंगाम संपल्यावर उभ्या पऱ्हाट्या आणि किडकी बोंडं काढा. बोंडअळी तिथं दडते.