नैरोबीतील परदेशी रहिवाशांची खासगी आरोग्यसेवा

केनियाची राजधानी नैरोबी येथे नोकरी, व्यापार किंवा संयुक्त राष्ट्रांच्या कामानिमित्त येऊन राहिलेले परदेशी नागरिक ज्या खासगी रुग्णालयांवर, विम्यावर आणि विमान रुग्णवाहिकेवर अवलंबून असतात, ती सारी व्यवस्था या नोंदीत अभिप्रेत आहे. पूर्व आफ्रिकेत ती सर्वांत मोठ्या व्यवस्थांपैकी एक असून शेजारच्या देशांतील गंभीर रुग्णही इथेच आणले जातात.

नैरोबीत खासगी दवाखाना पहिल्यांदा थाटला तो एका गोवेकराने. १८९९ मध्ये रेल्वे इथवर पोहोचली आणि पुढच्याच वर्षी डॉ. रोझेंदो आयरिस रिबेरो यांनी तंबूत रुग्ण तपासायला सुरुवात केली. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून ते रुग्णाकडे जात. १९०२ मध्ये हिंदी, म्हणजे भारतीय लोकांच्या बाजारातील रोग प्लेगच असल्याचे त्यांनी ओळखले आणि सरकारने तो बाजार जाळून टाकला. त्यांच्या नावाची गोवेकर मंडळींची शाळाही शहरात निघाली. झेब्र्याची गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. प्लेगच्या निदानाची मात्र क्वचितच.

आजच्या रुग्णालयांचा नकाशा वसाहतकाळातील वर्णविभागणीवर बेतलेला आहे, हे नव्याने आलेल्याला सहसा कोणी सांगत नाही. आफ्रिकी रुग्णांसाठी १९०१ मध्ये सुरू झालेले सरकारी रुग्णालय आज केन्याटा नॅशनल हॉस्पिटल म्हणून ओळखले जाते. गोऱ्यांसाठी १९५४ मध्ये युरोपियन हॉस्पिटल उघडले. तेच आजचे नैरोबी हॉस्पिटल. हिंदी समाजाने आपली सोय दानातून केली : मेघजी पेथराज शहा यांच्या देणगीवर उभे राहिलेले एम. पी. शहा हॉस्पिटल, आणि १९५८ मध्ये सुरू झालेले आगा खान हॉस्पिटल, जे आता विद्यापीठ रुग्णालय आहे. ही दोन्ही पार्कलँड्स भागात, म्हणजे जिथे हिंदी वस्ती होती तिथेच. लहान मुलांसाठी मुथैगातील गर्ट्रूड्स (१९४७) प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्यानंतर रंगाची अट गेली आणि तिची जागा विम्याच्या कार्डाने घेतली. दारात आधी विचारणा होते ती कार्डाचीच.

कार्ड नसेल तर दाखल होण्यापूर्वी अनामत रक्कम मागितली जाते. असले, तरी शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या खर्चाला विमा कंपनीची पूर्वमंजुरी लागते आणि ती रात्री-अपरात्री मिळायला वेळ लागू शकतो. शिवाय अनेक ठिकाणी रुग्णालयाचे बिल वेगळे, तज्ज्ञ डॉक्टरचे वेगळे. कारण डॉक्टर हा तिथला पगारदार नसून फक्त रुग्ण दाखल करण्याचा हक्क असलेला सल्लागार असतो. विमा दोन्ही बिले भरणार का, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावे. किरकोळ तपासणीचे पैसे लोक मोबाइलवरून, एम-पेसा या पैसे पाठवण्याच्या सेवेने चुकते करतात. औषधाच्या दुकानाला सगळे ‘केमिस्ट’ म्हणतात आणि स्वाहिलीत औषधाला शब्द आहे ‘दावा’. अरबीतून तिकडे गेलेला हा शब्द आपल्या ‘दवा’चा सख्खा भाऊ असल्याने मराठी माणसाला तो पाठ करावा लागत नाही.

सरकारी विमाही आहे. १९६६ पासूनचा जुना आरोग्य विमा निधी मोडीत काढून ऑक्टोबर २०२४ पासून नवी सामाजिक आरोग्य विमा योजना आली. तिच्यासाठी पगारदाराच्या एकूण पगारातून २.७५ टक्के कापले जातात. परदेशी नोकरदारही ही कपात सोसतो, पण उपचाराला भरवसा खासगी पॉलिसीवरच ठेवतो. त्यामागे अनुभव आहे. सरकारी डॉक्टरांचा संप २०१६-१७ मध्ये १०० दिवस आणि २०२४ मध्ये सुमारे आठ आठवडे चालला. अशा वेळी ज्यांना परवडते ते खासगी दवाखान्यांकडे वळतात. ज्यांना परवडत नाही ते घरी बसतात. या व्यवस्थेचे गुणगान करताना ही दुसरी बाजू विसरू नये.

पॉलिसी स्थानिक कंपनीची घ्यायची की आंतरराष्ट्रीय, हा नेहमीचा पेच. स्थानिक पॉलिसी स्वस्त असते आणि नैरोबीतल्या रुग्णालयांना ओळखीची असते. पण तिच्यात वार्षिक मर्यादा ठरलेली असते आणि दात, डोळे, बाळंतपण यांना बहुधा वेगळा हप्ता किंवा प्रतीक्षाकाळ असतो. आंतरराष्ट्रीय पॉलिसी महाग, मात्र देश सोडून उपचार घेता येतात. भारतीय कुटुंबाने त्यात भारताचा समावेश आहे ना, हे आवर्जून पाहावे. हृदय, कर्करोग आणि मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी केनियातीलच कितीतरी रुग्ण मुंबई-चेन्नई गाठतात, तिथे आपले माणूस मागे का राहावे?

शहराबाहेर चित्र वेगळे. मसाई मारा किंवा तुर्काना भागात अपघात झाला तर जवळचे मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटरवर असते. यासाठी विल्सन विमानतळावरून चालणारी आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही हवाई रुग्णवाहिका आहे. तिचे मूळ १९५७ मधले : मायकेल वुड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस या तीन शल्यचिकित्सकांनी ‘उडते डॉक्टर’ ही कल्पना मांडली. वार्षिक सदस्यत्व घेता येते. त्यात विमानाचा खर्च येतो, रुग्णालयाचा नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. सदस्यत्व हा विम्याला पर्याय नाही.

नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्याने शहरात हिवतापाचा धोका कमी. मोंबासाचा किनारा आणि किसुमूचा व्हिक्टोरिया सरोवराकाठ मात्र त्यासाठी कुप्रसिद्ध, आणि तोही बहुधा फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. सुट्टीत किनाऱ्यावर जाण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. पीतज्वराची लस भारतातूनच घेऊन निघावे. प्रमाणपत्र लस टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. परतताना भारतीय विमानतळावर ते दाखवावे लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची पाळी येऊ शकते. घरी परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर पुण्या-नाशिकच्या डॉक्टरला सर्वांत आधी ‘केनियाहून आलोय’ हे सांगावे. न सांगितल्यास हा ताप साधा विषाणूजन्य समजून दोन दिवस वाया जाऊ शकतात आणि फॅल्सिपेरमला तेवढा अवधी पुरतो.