इंग्रजी न येणं वेगळं, वाचता न येणं वेगळं

स्थलांतरित आणि निर्वासितांसाठी स्वयंसेवक इंग्रजीचे मोफत वर्ग चालवतात, तिथे एक घोळ पुन्हा पुन्हा होतो. इंग्रजी येत नाही ना? मग सगळे नवशिके, सगळे एकाच टेबलाभोवती, प्रत्येकाच्या हाती एबीसीडीचा कागद.

खरा नवशिका आपल्याला ठाऊक आहे. मराठी वाचता येत असताना आपण इंग्रजीला हात घातला, तसाच तो. सीरियाहून आलेला शिक्षक अरबी उजवीकडून डावीकडे वाचतो, त्याच्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत. हे सरावाने सुटतं.

शाळेची पायरीच न चढलेली अफगाण बाई मात्र दारी, पश्तो आणि उर्दू या भाषा सफाईने बोलत असेल, तरी तिची अडचण निराळी. पोर्तुगालमधल्या प्रौढांवरचा 1979 चा एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. शब्दातला पहिला ध्वनी गाळून उरलेलं बोला, असं सांगितल्यावर निरक्षर बहुतेक वेळा चुकले. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना ते बऱ्यापैकी जमलं. म्हणजे शब्दाचे सुटे ध्वनी कानाला जाणवतात तेच मुळी अक्षरओळखीमुळे. मग 'बी फॉर बॉल' घोकून तिच्या हाती काय लागणार? फळ्यावरचं ती सुबक उतरवून घेते, शिक्षक खूश होतात. पण ते वाचन नव्हे, चित्र काढणं आहे. रिकाम्या जागा भरायच्या असतात, हेसुद्धा शाळेतच कळतं.

तिच्यासाठी आधी भरपूर बोलणं हवं, खऱ्या वस्तू आणि फोटो हवेत. मग तिनेच बोललेलं वाक्य, समजा 'आय लिव्ह विथ माय सिस्टर', शिक्षकाने लिहावं आणि तिने तेच वाचावं. अर्थ आधीच ठाऊक असतो. त्यातून शब्द, शब्दांतून ध्वनी. युरोपीय देशांची संघटना असलेल्या युरोप परिषदेनेही अशा प्रौढांसाठी 2022 मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली.

वाचता येतं की नाही, या फरकापुढे प्रमाणपत्र मिळतं का, वर्ग आहे की गप्पांचा गट, हे बाकीचे फरक किरकोळ आहेत.

नाव नोंदवताना फॉर्म पुढे सरकवू नका. दुभाष्यामार्फत, चारचौघांत नव्हे, विचारा: शाळेत किती वर्षं गेलात, कोणती भाषा वाचता? वाचता येत नसेल तर लहान गट आणि वेगळा शिक्षक द्या. आणि कृपा करून चाळिशीतल्या बाईच्या हाती बालगीतांचं पुस्तक देऊ नका. तिला औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची आहे.