हळदीचे नॅनोजेल (सोरायसिसवरील)

हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा घटक स्निग्ध पदार्थाच्या १०० ते २०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत बांधून सोरायसिसच्या चट्ट्यांवर लावण्यासाठी केलेले जेल. यावरचे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच चालते. उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिथे मुरलेले औषध माणसातही तितकेच मुरेल असे धरता येत नाही.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. प्रतिकारयंत्रणा चिथावली जाते, महिनाभर चालणारे कातडीचे चक्र ३ ते ५ दिवसांत उरकते आणि कोपर, गुडघे, डोके, कंबर येथे चंदेरी पापुद्रे साचतात. विदर्भातल्या खेड्यांत हे चट्टे गजकर्ण समजून नायट्याचे मलम चोळले जाते. गजकर्ण बुरशीमुळे होतो, म्हणून ते मलम इथे निरुपयोगी ठरते.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जास्त कर्क्युमिनसाठी ती ओळखली जाते. पण हळद कितीही कसदार असली तरी नुसता लेप चट्ट्यावर वरवरच राहतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जाड झालेल्या कातडीतून खाली उतरत नाही. स्निग्ध कण मात्र कातडीवर पातळ थर धरतात, ओल उडू देत नाहीत आणि औषध आत सोडतात.

१०० मिली मिश्रणासाठी ग्लिसरिल मोनोस्टिअरेट (घट्ट स्निग्ध पदार्थ) ३.५ ग्रॅम व ओलेइक आम्ल (पातळ स्निग्ध पदार्थ) १.५ ग्रॅम ७० अंश सेल्सिअसला वितळवून त्यात १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन विरघळवतात. दुसऱ्या भांड्यात ट्वीन ८० (तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ) अडीच ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात घालून तेही ७० अंशांवर आणतात. पाणी थंड असेल तर स्निग्धांश पडताक्षणी गोठून गुठळ्या होतात. सर्वाधिक चुका इथेच होतात. वेगवान घुसळणीनंतर ध्वनिलहरींनी कण बारीक करून मिश्रण ढवळत थंड करतात. कणांच्या आकारातली तफावत दाखवणारा निर्देशांक (पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स) ०.३ च्या आत हवा.

मग त्यात १ ग्रॅम कार्बोपोल (जेल घट्ट करणारी पूड) चिमटीचिमटीने भुरभुरून रात्रभर भिजू देतात. एकदम ओतल्यास बाहेरून चिकट, आतून कोरड्या गाठी राहतात. ट्रायइथॅनोलअमाइन या अल्कधर्मी द्रवाचे थेंब टाकून सामू (पीएच) ५.५ ते ६ वर आणला की जेल धरते. सामू ७ च्या वर गेला तर कर्क्युमिन लवकर नासते. पिवळा रंग तांबूस होऊ लागला की ते मिश्रण टाकून द्यावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कार्बोपोल पातळ पडते. परिरक्षक (टिकवणारा पदार्थ) घातला नाही तर बुरशी येते.

प्रकाशाने कर्क्युमिन विटते, म्हणून जेल ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये भरतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली ठेवल्यास कण एकमेकांत मिसळून तेल सुटते. थंड जागी ठेवावे, पण गोठवू नये.

अशा जेलसाठी डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नये. स्टेरॉइड अचानक थांबवले तर चट्टे उसळून येतात. घरगुती उपायांत बिब्बा सर्वांत घातक. त्याच्या तेलाने कातडी भाजते आणि सोरायसिसमध्ये जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. बावची या वनस्पतीच्या बियांतील सोरॅलेन हे द्रव्यही उन्हात फोड आणते. रुग्णालयात हेच सोरॅलेन मोजून, मापलेल्या अतिनील किरणांबरोबर वापरतात. शेतातल्या उन्हाला असे माप नसते.