पित्ताशयातला रक्तस्राव: दुर्मीळ दुखण्याची पार्श्वभूमी

पित्ताशयाला सूज आली की डॉक्टरांच्या मनात पू, छिद्र, कावीळ यांची भीती असते. रक्तस्राव सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याला कारणही आहे: सुजेत पित्ताशयाची धमनी बहुधा गुठळीने बंदच होऊन जाते. क्वचित मात्र ती बंद होण्याआधीच सुजेने किंवा रुतलेल्या खड्याने तिची भिंत झिजते आणि तिथे रक्ताचा फुगा धरतो. त्याला स्वतःची भिंत नसते, म्हणून तो ‘स्यूडोअ‍ॅन्युरिझम’, म्हणजे धमनीचा खोटा फुगा. पित्ताशयात फुटला, तर रक्त पित्तनलिकेवाटे लहान आतड्यात उतरते. रुग्णाला एवढेच कळते, की उजव्या बरगडीखाली कळ आली आणि शौचाला डांबरासारखे काळे झाले.

पित्तमार्गातल्या अशा रक्तस्रावाची नोंद इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसनने 1654 मध्येच केली होती. पोटदुखी, कावीळ आणि रक्तस्राव हे त्रिकूट 1871 मध्ये हाइनरिश क्विंकेने मांडले (पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढण्याची पद्धत रूढ करणारा हाच). विद्यार्थी हे त्रिकूट आजही घोकतात. पण बऱ्याच रुग्णांत तिन्ही लक्षणे एकत्र दिसतच नाहीत, तेव्हा त्यावर विसंबून बसणे महागात पडू शकते. या रक्तस्रावाला ‘हिमोबिलिया’ हे नाव मिळायला 1948 उजाडले. ते दिले स्वीडनच्या फिलिप सँडब्लोमने.

त्या काळी निदान झाले तरी उपाय एकच होता: पोट उघडून धमनी बांधणे आणि पित्ताशय काढणे. कार्ल लांगेनबुखने 1882 मध्ये बर्लिनला पहिल्यांदा पित्ताशय काढून दाखवले होते खरे, पण सुजून चिकटलेल्या, रक्ताने भरलेल्या जागेत धमनी शोधणे हे वेगळेच काम. वाट बदलली ती स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगरच्या 1953 च्या तंत्राने. मांडीतल्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, यकृताच्या धमनीपर्यंत नेता येऊ लागला आणि 1970 च्या दशकात त्यातूनच रक्तस्राव बंद करणे सुरू झाले. आता सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) फुगा दिसला, की प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, सोडून तिथला प्रवाह थांबवतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने 1985 नंतर आणखी एक कारण जोडले. क्लिप किंवा डागणीचा चटका उजव्या यकृत-धमनीला लागला, तर फुगा कधी कधी काही आठवड्यांनी रक्तस्राव करतो. तिथेही कॉइल चालते, कारण यकृताला बरेचसे रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते. पित्ताशयाला असा दुसरा भक्कम पुरवठा नाही. त्याचीच धमनी बंद केली तर ते सडण्याचा धोका राहतो, म्हणून रुग्ण सावरला की बहुतेक सर्जन पित्ताशय काढूनच टाकतात.