१४२८५७

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही दशमान पद्धतीतील सर्वांत परिचित चक्रीय संख्या आहे. तिला २ ते ६ पैकी कशानेही गुणले तरी तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते : २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. सातने गुणले की मात्र ९९९९९९ मिळतात.

हा गुणधर्म बहुधा चमत्कार म्हणून सांगितला जातो. त्यामागचे कारण शाळेतल्या भागाकारात उघड दिसते आणि ते चमत्काराहून सुंदर आहे. १ ला ७ ने भागायला घ्यावे. एकावर शून्य दिले की १०. सात एके सात, बाकी ३. मग ३०, सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. पुढे ६०, सात आठे छप्पन्न, बाकी ४. ४० ला सात पाचे पस्तीस, बाकी ५. ५० ला सात साते एकोणपन्नास, आणि बाकी पुन्हा १. म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे अंक आले आणि ते असेच अखंड येत राहणार : १/७ = ०.१४२८५७१४२८५७...

खरी मेख बाक्यांत आहे. सातने भागताना १ ते ६ याच बाक्या शक्य असतात आणि इथे त्या सहाही एकेकदा येऊन जातात. म्हणून ३/७ चा भागाकार नव्याने मांडावा लागत नाही. वरच्या मांडणीत जिथे ३ बाकी उरली तिथून पुढे वाचले की ४२८५७१ हाती येतात. तिसऱ्या पायरीला बाकी ६, म्हणजे ७ – १, उरते. त्यामुळे उरलेले तीन अंक पहिल्या तिघांना नऊपर्यंत पुरे करतात : १४२ + ८५७ = ९९९. दोन-दोनचे गट केले तरी १४ + २८ + ५७ = ९९.

मोठ्या गुणकांनीही चक्र मोडत नाही. ३२५ पटीला ४६४२८५२५ येतात; शेवटचे सहा अंक वेगळे काढून उरलेले त्यांत मिळवले की ४६ + ४२८५२५ = ४२८५७१. ३२५ ला ७ ने भागल्यास ३ उरतात, म्हणून ही तिप्पटच निघाली.

असेच पूर्ण लांबीचे आवर्त, म्हणजे छेदाहून एकाने कमी इतक्या अंकांचे पुन्हा पुन्हा येणारे चक्र, १७, १९, २३ या मूळ संख्यांच्या व्यस्तांनाही (१/१७, १/१९, १/२३) मिळते. मात्र दहापेक्षा मोठ्या छेदाने १ ला भागले की पहिला अंक शून्य येतो. आरंभी शून्य नसलेली दशमान चक्रीय संख्या ही एवढीच (१ सोडून). दशांश आवर्तांचा विचार जर्मन गणिती गाउस यांनी १८०१ च्या ग्रंथात केला होता. पूर्ण लांबीचे आवर्त देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न गणिती आर्टिन यांच्या १९२७ च्या अटकळीशी जोडलेला असून अजून सुटलेला नाही.

देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या नावाच्या संख्यांतही १४२८५७ बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अंकांची बेरीज २७. तिने निःशेष भाग जाऊन ५२९१ येतात, म्हणून कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलेल्या संख्यांपैकीही ती एक आहे.